कदाचितसरांचं एक पान

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाषा केंद्र होतं आणि तिथे चार जण इंग्रजी शिकवायचे. इंग्रजी म्हटलं की कुणालाही वाटतं, त्यात काय एवढं. दुकानात, बसमध्ये आणि घरमालकाशी भांडताना लागणारं इंग्रजी मुलं आपापलं उचलतातच. केंद्रात शिकवलं जायचं ते प्रबंधाचं इंग्रजी, आणि त्याची तऱ्हाच निराळी. त्यात कुणी काही ठणकावून सांगत नाही. ‘असे दिसते’, ‘काही अंशी’, ‘असे म्हणायला जागा आहे’ असं करत, चिखलातून चप्पल सांभाळत चालल्यासारखं पुढे सरकायचं. अकरा देशांतून आलेल्या मुलांना हे सरकणं शिकवायचं, हे काही खायचं काम नव्हतं.

चौघांत सर्वांत जुने कदाचितसर. हे नाव अर्थातच मुलांनी ठेवलेलं. सतरा वर्षं सावध वाक्यं शिकवून त्यांच्या जिभेलाच ते वळण लागलं होतं. बाहेर ऊन आहे का विचारलं, तर खिडकीतून डोकावून ते म्हणायचे, असावं. लग्नाआधी बायकोने विचारलं होतं, मी तुला आवडते का, तेव्हा ते म्हणाले होते, तशी शक्यता नाकारता येत नाही. तरीही तिने लग्न केलं.

बाकीच्या तिघांचीही अशीच बारशी झालेली होती. एकाची मातृभाषाच इंग्रजी, म्हणून तो जन्मजात. एखादं वाक्य असंच का लिहायचं, असं कुणी विचारलं की ‘कानाला बरं लागतं’ एवढंच तो सांगायचा, आणि ज्यांनी ही भाषा घाम गाळून कमावली होती ते बाकीचे तिघे निमूट बसायचे. दुसरा तळटीप. ‘आज मंगळवार आहे’ म्हटलं तरी तो पुरावा मागेल, अशी त्याची ख्याती होती. तिसऱ्या स्वल्पविरामबाई. त्या शिकवायला लागल्या की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी. पण लिफ्टजवळच्या नोटिसासुद्धा त्या लाल पेनाने तपासून ठेवायच्या, त्यामुळे इमारतीत त्यांना फारसे मित्र नव्हते.

विद्यापीठाने या चौघांना ‘व्याख्याता’ अशी पाटी दिली होती, पण मनातून कुणी त्यांना व्याख्याते मानत नव्हतं. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक जिन्यात भेटले की बगलेतला निबंध पुढे करून म्हणायचे, जरा भाषा बघून द्या ना. इस्त्रीला शर्ट टाकताना माणूस जेवढं थांबतो, तेवढंच ते थांबायचे. केंद्रातली मंडळी निबंध घ्यायची, हसायची आणि आत येऊन चडफडायची.

अशात नवे कुलसचिव आले. त्यांना सगळं खणात भरून ठेवायची आवड होती. त्यांनी परिपत्रक काढलं, की यापुढे विद्यापीठात दोनच प्रकारची खाती असतील, शैक्षणिक आणि सेवा. प्रत्येक खात्याने ‘आम्ही काय करतो’ हे एका पानात लिहून तीन आठवड्यांत, शुक्रवारी पाचच्या आत पाठवायचं. ते पान वाचून विद्वत परिषद ठरवणार.

केंद्राचं काय पणाला लागलंय, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. शैक्षणिक ठरलं तर पाटी राहणार आणि वर्ग राहणार. सेवा ठरलं तर वर्ग बंद. तळमजल्यावर, ओळखपत्रं आणि हरवलेल्या छत्र्या मिळतात त्या दालनात काउंटर मिळेल, मुलं टोकन घेऊन येतील आणि प्रत्येकाला वीस मिनिटं दिली जातील.

पाटीचं कदाचितसरांना फारसं काही नव्हतं. त्यांचा जीव वर्गात होता. मंगळवार-गुरुवार, सकाळी दहा, खोली तीनशे सहा. त्या खोलीत त्यांनी सतरा वर्षं एकच प्रश्न विचारला होता, ‘तुम्हाला नक्की काय म्हणायचं आहे?’ ते कधी कुणाचं वाक्य खोडत नसत. प्रश्न विचारायचा आणि खुर्चीत मागे रेलून बसायचं.

याच वर्षी मातीचा अभ्यास करणारी एक मुलगी वर्गात होती. तिने चौदा ओळींचं एक वाक्य लिहून आणलं होतं. त्यात क्षार होते, जलव्यवस्थापन होतं, बहुआयामी प्रक्रिया होत्या, फक्त कर्ता सापडत नव्हता. सरांनी आपला प्रश्न विचारला. मुलगी बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, आमच्याकडची जमीन खारट झाली, आणि ती आम्हीच केली, पाणी जास्त देऊन देऊन. माझ्या वडिलांनीसुद्धा.

सर म्हणाले, हेच लिहा.

इतकं सरळ, असं तिने विचारलं.

फक्त वडिलांच्या जागी ‘काही शेतकरी’ म्हणा, सर म्हणाले, आणि एक ‘कदाचित’ घाला.

अख्खा वर्ग हसला, मुलगीही हसली आणि डोळे पुसून लिहायला लागली. असं वर्षातून चार-पाच वेळा व्हायचं. सरांना तेवढं पुरायचं.

तेव्हा एक पान लिहायचं होतं. लोकांना लिहायला शिकवणाऱ्या चार माणसांना एक पान म्हणजे डाव्या हाताचा मळ, असं सगळ्या इमारतीला वाटलं. त्यांनाही वाटलं. पहिल्या सोमवारी चौघे टेबलाभोवती बसले आणि स्वल्पविरामबाईंनी पहिलं वाक्य फळ्यावर लिहिलं, ‘आम्ही शिकवतो.’

तिथेच घोडं अडलं. तळटीप म्हणाला, शिकवतो म्हणजे नक्की काय, त्याची व्याख्या द्यावी लागेल, आणि व्याख्या द्यायची तर आधीच्या बारा व्याख्या विचारात घ्याव्या लागतील. जन्मजात म्हणाला, कानाला थोडं आखूड वाटतं. कदाचितसरांना वाक्य उद्धट वाटलं. आपण शिकवतो हे खरं, पण ते शिकतात की नाही हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? त्यांनी ‘काही अंशी’ घातलं. स्वल्पविरामबाईंना ते चुकीच्या जागी घातलं गेल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ते वाक्य असं झालं होतं: ‘केंद्र, उपलब्ध मर्यादांमध्ये, विद्यार्थ्यांच्या लेखनक्षमतेच्या विकासास अनुकूल अशी परिस्थिती निर्माण होण्यास काही अंशी हातभार लावण्याचा प्रयत्न करते, असे म्हणता येईल.’ याच्यावर एकेचाळीस शेरे होते. दुसरं वाक्य अजून सुरू व्हायचं होतं.

त्याच सुमारास खानावळीचे व्यवस्थापक आपलं पान घेऊन वर आले. विद्यापीठाचा नियमच होता, की परिषदेपुढे जाणारा प्रत्येक कागद आधी भाषा केंद्रातून तपासून जायचा. त्यांनी एका ओळीत लिहिलं होतं, ‘आम्ही रोज अडीच हजार माणसांना जेवू घालतो.’ कदाचितसरांनी ते वाक्य तीनदा वाचलं. बदलण्यासारखं काहीच सापडलं नाही. खाली तपासल्याची सही करताना त्यांना चक्क हेवा वाटला.

घरी बायकोपुढे त्यांनी हे गाऱ्हाणं मांडलं. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची आणि बोलायला पहिल्यापासून फटकळ होती.

“मला कुणी विचारलं, तू काय करतेस, तर मी म्हणते दात करते,” ती भाजी चिरता चिरता म्हणाली. “आता तू सांग. तू काय करतोस?”

“म्हणजे तसं पाहिलं तर,” सर म्हणाले, “एका अर्थाने...”

“वाक्य संपव.”

सर वाक्य शोधत राहिले. भाजी चिरून झाली, फोडणीला पडली, तरी ते ओट्याला टेकून उभेच होते. शेवटी तिने त्यांच्या हातात ताटं दिली.

शुक्रवार उजाडला. चार वाजता त्या एका पानाची चार पानं झालेली होती आणि समासात दोनशे चौदा शेरे होते. तळटीप म्हणत होता, संदर्भसूची पानात धरायची नाही असा संकेत आहे. जन्मजात सगळं मोठ्याने वाचून दाखवत होता आणि प्रत्येक ओळीला कपाळाला आठी घालत होता. पाचला पाच मिनिटं कमी असताना बाईंनी विचारलं, आहे तसंच पाठवून देऊ या का? तिघांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी चपला न घालताच घराबाहेर निघू या म्हटलं असावं. अपुरं लेखन पाठवायचं? आपण? आपणच मुलांना सांगतो ना, पहिला खर्डा कधीही दाखवू नका? त्यांनी कुलसचिवांना नम्रपणे मुदत वाढवून मागितली. त्या पत्रातलं इंग्रजी निर्दोष होतं.

मुदत मिळाली नाही. मंगळवारी दुपारी तीन वाजता कुलसचिवांच्या कचेरीतल्या कारकूनबाई स्वतः वर आल्या. त्यांच्या हातात एक पान होतं. तुमचं आलं नाही म्हणून साहेबांनीच लिहून टाकलं, त्या म्हणाल्या. उद्या परिषद आहे. पाचपर्यंत भाषा तपासून द्या, नियम आहे ना. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचं नाव नव्हतं. दिवसाला असे दहा कागद त्या फिरवायच्या.

बाकीचे तिघे वर्गावर होते. कदाचितसर एकटेच पान घेऊन बसले.

पान भयंकर होतं. कुलसचिवांचं इंग्रजी म्हणजे धुतलेले कपडे न पिळता दोरीवर टाकावेत तसं. एक वाक्य दुसऱ्यात शिरलेलं, मध्येच तिसऱ्याच खात्याचा उल्लेख. वाचून कुणाला काही बोध होणं शक्य नव्हतं. पण सरांनी सतरा वर्षं असल्याच वाक्यांतून माणसांचं म्हणणं बाहेर काढलं होतं, त्यामुळे त्यांना दोन मिनिटांत कळलं की साहेबांना काय म्हणायचंय. केंद्र चुका दुरुस्त करतं. काम उपयुक्त आहे. आणि चौथ्या वाक्यात, तीन उपवाक्यांच्या आड लपलेलं, की केंद्रात शिकवणं असं होत नाही.

सरांची कानशिलं तापली. त्यांना राग आला, आणि रागाच्याही आधी लाज वाटली, की आपल्याला तीन आठवड्यांत जे जमलं नाही ते या माणसाने तासाभरात वाईट भाषेत का होईना लिहून टाकलं.

मार्ग दोन होते आणि दोन्ही सोपे होते. पान आहे तसं सोडून द्यायचं. परिषदेला काडीचं कळलं नसतं आणि तिने ते परत पाठवलं असतं. किंवा चौथ्या वाक्यातला एक ‘नाही’ उडवायचा. कारकूनबाई वाचणार नव्हत्या. साहेब आपलंच लिहिलेलं पुन्हा वाचतील, असं त्यांच्या लिहिण्यावरून वाटत नव्हतं.

सरांनी पेन ‘नाही’वर टेकवलं. समोर भिंतीवर फ्रेममध्ये केंद्राचा नियम लावलेला होता, त्यांनीच लिहिलेला: भाषेला हात लावा, अर्थाला लावू नका.

या नियमामागची गोष्ट त्यांनी बायकोशिवाय कुणाला सांगितलेली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रसायनशास्त्राचा एक मुलगा आला होता. त्याने लिहिलं होतं, द्रावणाचा रंग बदलला असे वाटले. तेव्हा सर तरुण होते, ठसठशीत वाक्यांचे भोक्ते होते. त्यांनी ते ‘वाटले’ काढून टाकलं. रंग बदलला. वाक्य कसं देखणं झालं. पण रंग बदललेला नव्हता. चौकशी झाली, मुलाने खोटं लिहिलं असं ठरलं आणि तो घरी परत गेला. भाषा केंद्राने माझं वाक्य बदललं, असं तो कुठेही बोलला नाही, कारण सर चूक करतील हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. सरांनीही तोंड उघडलं नाही. त्या वर्षापासून ते कदाचित म्हणायला लागले.

त्यांनी पेन ‘नाही’वरून उचललं. मग इतर कुणाचंही पान तपासलं असतं तसं ते पान तपासलं. गुंता सोडवला, भलत्या खात्याचा उल्लेख काढला, चौथं वाक्य तीन उपवाक्यांच्या आडून बाहेर काढून स्वच्छ उभं केलं. समासात, त्या वाक्याशेजारी, त्यांनी लिहिलं: ‘हे कशावरून? तुम्हाला नक्की हेच म्हणायचं आहे का?’ एवढा त्यांचा हक्क होता.

साडेचारला पान खाली गेलं. पावणेपाचला कारकूनबाईंचा फोन आला. साहेबांनी सगळ्या दुरुस्त्या मान्य केल्यात, समासातला शेरा काढून टाकलाय, आणि भाषा फार सुंदर झालीय असं कळवायला सांगितलंय.

बुधवारी परिषदेने ते पान चार मिनिटांत मंजूर केलं. इतका सुस्पष्ट कागद परिषदेपुढे बऱ्याच वर्षांत आला नव्हता, असं इतिवृत्तात नोंदवलेलं आहे.

सरांनी घरी सगळं खरं सांगितलं. बायको आधी खूप चिडली. दुसऱ्याच्या तोंडात फिट बसेल असं वाक्य तुला करता येतं, आणि स्वतःचं तोंड बोळकं ते बोळकंच, ती म्हणाली. ताटं उचलताना मात्र म्हणाली, “तो ‘नाही’ तू खोडला असतास ना, तर मला आवडलं नसतं.” सरांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

महिन्याभरात केंद्र तळमजल्यावर आलं. जन्मजाताला विद्यापीठाने माहितीपत्रकावरच्या फोटोसाठी उचललं. तळटीप ग्रंथालयात गेला आणि तिथे सुखी झाला. काउंटरवर उरले कदाचितसर आणि स्वल्पविरामबाई. मध्ये काचेची तावदानं, भिंतीवर लाल आकड्यांची पेटी, टेबलावर बटण. पाटीवर ‘भाषा सहायक’. एका बाजूला छत्र्यांचा ढीग.

वीस मिनिटांत मुलाला प्रश्न विचारून खुर्चीत मागे रेलता येत नाही. मुलं म्हणायची, सर, प्रश्न नको, तुम्हीच बदलून द्या, बाहेर रांग आहे. मातीवाली मुलगी एकदा टोकन घेऊन आली आणि प्रबंध न काढता नुसतीच बसून राहिली. वीस मिनिटं झाल्यावर म्हणाली, तीनशे सहामध्ये आता जुन्या खुर्च्या ठेवल्यात. माहीत आहे, सर म्हणाले. ते रोज सकाळी दहाला एकदा वर जाऊन दाराच्या काचेतून बघून यायचे.

पुढच्या वर्षी एका दुपारी सत्तावीस नंबरचं टोकन घेऊन स्वतः कुलसचिव समोर येऊन बसले. इतकी पानं इकडची तिकडे गेली होती, पण दोघे समोरासमोर पहिल्यांदाच येत होते. साहेबांनी दबक्या आवाजात सांगितलं, की एका मोठ्या विद्यापीठात अर्ज करायचाय, कुठे बोलू नका. त्यांनी तिथून एक पान मागितलंय, तुम्ही काय करता ते लिहा म्हणून. नुसती भाषा बघून द्या.

सरांनी पान वाचलं. साहेबांची भाषा सुधारलेली नव्हती. रांगेत दोघंच होते, म्हणून असेल, किंवा सवयीने असेल, सरांनी कागद खाली ठेवला आणि विचारलं, “तुम्हाला नक्की काय म्हणायचं आहे?”

साहेबांनी कागदावरचंच पुन्हा सांगितलं. सरांनी पुन्हा विचारलं आणि ते खुर्चीत मागे रेलले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. नेतृत्व म्हणाले, समन्वय म्हणाले.

“खरं सांगू?” ते म्हणाले. “सगळा दिवस मी माणसांना खणात घालतो. हा इथे, तो तिथे. ती माणसं काय करतात ते मला बहुतेकदा माहीत नसतं. मला ते विचारायला शिकायचंय, म्हणून जायचंय तिथे.”

“हेच लिहा,” सर म्हणाले.

साहेब लिहायला लागले. मान खाली घालून, ओठ हलवत, वर्गातल्या मुलासारखे. सरांना वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं. लिहून झालं तेव्हा वीस मिनिटं होऊन गेली होती. साहेबांनी पान वाचलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

“असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं,” ते म्हणाले. “याआधी कुठे शिकवत होता तुम्ही?”

“इथेच. तिसऱ्या मजल्यावर.”

“मग का सोडलंत?”

सरांच्या जिभेवर नेहमीची मंडळी येऊन उभी राहिली: असं म्हणता येईल, काही अंशी, तसं पाहिलं तर. त्यांनी त्यांना वाट दिली नाही.

“तुम्ही एका पानात लिहिलंत, की केंद्रात शिकवणं होत नाही. म्हणून.”

साहेबांना आठवायला थोडा वेळ लागला.

“ते पान,” ते हळूच म्हणाले, “ते पान फार चांगलं लिहिलं होतं.”

“भाषा माझी होती,” सर म्हणाले. “अर्थ तुमचा होता.”

आणि त्यांनी अठ्ठावीस नंबरचं बटण दाबलं.